दुधाला दोन मिनिटे, पावडरीला पावणेचार वर्षे!

जुन्नर तालुक्यातल्या राजुरीच्या गोठ्यातून पहाटे निघालेले दूध डेअरीच्या दारात पोचते, तेव्हा कोणी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धेतर घन पदार्थांचे) आकडे समोर येतात आणि साडेतीन-साडेआठच्या खाली एक पॉइंट घसरला की त्याच मिनिटाला दर कापला जातो. शेतकऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळत नाही, अपिलाची मुदत मिळत नाही, वकील तर नाहीच नाही. कापलेला दर मुकाट्याने घेऊन तो गोठ्यात परततो आणि संध्याकाळी पुन्हा कॅन घेऊन त्याच रांगेत उभा राहतो. या तपासणीबद्दल आमची तक्रार नाही. दूध लेकरांच्या पोटात जाते; ते तपासलेच पाहिजे आणि लगेच तपासले पाहिजे. आमचा सवाल वेगळा आहे. त्याच लेकराला न्हाऊमाखू घालून त्याच्या मानेच्या घडीत, काखेत, जांघेत जी पांढरी पावडर थापली जाते, तिच्या एका डब्याचा निकाल लावायला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला पावणेचार वर्षे का लागली?

हा आरोप हवेतला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये प्रशासनाने जॉन्सन्स बेबी पावडरचे नमुने पुणे आणि नाशिक येथून उचलले. लहान मुलांच्या पावडरीसाठी भारतीय मानक ठरलेले आहे. त्यात सामू (पीएच) साडेपाच ते आठच्या दरम्यान असला पाहिजे. सरकारी विश्लेषकाचा अहवाल आला की सामू नऊच्या वर आहे, माल मानकाप्रमाणे नाही. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने अहवाल मान्य केला नाही, नमुना कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत गेला, तिथेही निकाल प्रतिकूलच आला. आणि कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला तो १५ सप्टेंबर २०२२ रोजी! उत्पादन आणि विक्री ताबडतोब थांबवा, हा दुसरा आदेश २० सप्टेंबरला. ताबडतोब! ज्या बाळाच्या अंगावर त्या वेळची पावडर पडली असेल, ते बाळ एव्हाना अंगणवाडीत बसून गाणी म्हणत होते. ती पावडर वापरून संपली, डबा भंगारात गेला, कदाचित धाकट्या भावंडासाठी नवा डबाही आला. मग प्रशासनाला जाग आली आणि त्याने 'ताबडतोब' हा शब्द लिहिला!

सामू म्हणजे काय, हे राजुरीच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. मातीपरीक्षणाचा कागद हातात आला की तो आधी सामूचा आकडा शोधतो. साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण होऊ लागली, हे त्याला ठाऊक आहे. मग जिप्सम, शेणखत, ताग, पाण्याचा निचरा अशी धावपळ सुरू होते. एका हंगामाचा उशीर झाला तर रान हातचे जाईल, ही भीती त्याला झोपू देत नाही. रानाच्या मातीसाठी ज्याला एवढी घाई आहे, त्याच्या नातवाच्या कातडीसाठी राज्य सरकारला घाई नव्हती. बाळाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, आणि तिचे संरक्षण त्या आम्लतेवरच उभे असते. म्हणून तर मानकात ती मर्यादा घातली आहे. मर्यादा कागदावर ठेवायची आणि ती मोडली की वर्षानुवर्षे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवायची, याला आम्ही कर्तव्यच्युती म्हणतो.

आणि या दिरंगाईचे फळ काय मिळाले ते पाहा. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने नवे नमुने घेऊन तीन प्रयोगशाळांत, दोन सरकारी आणि एक खासगी, तपासायला सांगितले. तोवर कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर उत्पादन करावे, पण विकू नये. अहवाल आले, नवे नमुने मानकात बसले. ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने सरकारचे आदेश रद्द केले. एका जुन्या नमुन्यातल्या दोषासाठी साऱ्या उत्पादनाला टाळे लावणे अवाजवी आहे, मुंगी मारायला हातोडा उगारता येत नाही, असे सरकारला ऐकून घ्यावे लागले. न्यायालयाच्या निकालाशी आमचे भांडण नाही. समोर आलेल्या कागदांवर न्याय होतो, आणि नवे नमुने चोख निघाले असतील तर कंपनीला तेवढे श्रेय दिलेच पाहिजे. आमचा संताप त्या सरकारी खात्यावर आहे, ज्याने स्वतःचा खटला स्वतःच्या आळसाने बुडवला. माल खरोखर धोक्याचा वाटत होता तर २०१९ मध्येच बाजारातून का उचलला नाही? वाटत नव्हता तर २०२२ मध्ये कारखाना का बंद केला? या दोन प्रश्नांच्या कात्रीतून सुटायला प्रशासनाकडे उत्तर नाही. उच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत नमुने घेऊन, तपासून, निकाल लावून दाखवला. म्हणजे प्रयोगशाळा होत्या, यंत्रे होती, माणसे होती. नव्हती ती फक्त इच्छा.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. याच मुलुंडच्या कारखान्याचा परवाना २०१३ मध्येही याच प्रशासनाने रद्द ठरवला होता. कारण? २००७ मधल्या पंधरा बॅचेस इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केल्या, पण त्या वायूचा अंश पावडरीत उरला की नाही हे तपासलेच नाही. इथिलीन ऑक्साइड माणसाला कर्करोग करतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याच्याही कितीतरी आधी सांगून ठेवले होते. २००७ चा माल, २०१३ ची कारवाई! त्या पंधरा बॅचेसमधला एक चमचाही तोवर कुठल्या घरात उरला नसेल. परवाना रद्द झाल्याच्या बातम्या झळकल्या, प्रकरण कज्ज्यात गेले आणि कारखाना पुढेही चालू राहिला. सहा वर्षांचा उशीर एकदा झाला, पावणेचार वर्षांचा पुन्हा झाला. दोन्ही वेळा उंबरठ्याआतले बाळ तेच, आणि उशीर करणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला जाब विचारल्याचे या राज्यातल्या जनतेला सांगण्यात आले नाही.

आता त्या डब्यात असते काय, ते पाहू. टाल्क हे खनिज आहे. आपल्याकडे त्याला शंखजिरे म्हणतात. मॅग्नेशियम, सिलिका आणि पाणी यांनी बनलेला हा दगड साऱ्या खनिजांत मऊ. काठिण्याच्या मोजपट्टीवर पहिला क्रमांक त्याचाच, नखाने ओरखडा निघतो. जुन्नरच्या काळ्या पाषाणात तो सापडत नाही. देशातले बहुतेक शंखजिरे राजस्थानच्या खाणींतून येते. हाच दगड दळून बेबी पावडर होते, तोंडाला लावायचा कॉम्पॅक्ट होतो, गालांची लाली आणि पापण्यांचा रंग होतो, आणि न धुता केस मोकळे दिसावेत म्हणून शहरातल्या मुली जो कोरडा शाम्पू फवारतात, त्यातही बऱ्याचदा तो असतो. ओलावा शोषतो, चिकटत नाही, हाताला रेशमासारखा लागतो आणि स्वस्त पडतो. एवढ्यावर थांबले असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण ज्या खडकांत टाल्क तयार होते, त्याच मॅग्नेशियमच्या खडकांत, त्याच उष्णतेत आणि दाबात ॲस्बेस्टॉसही तयार होते. दोघे एकाच खाणीत शेजारी शेजारी नांदू शकतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेले की बाहेर येत नाहीत; त्यांच्यामुळे होणारा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. पाळण्यात आत गेलेल्या तंतूचा हिशेब त्या मुलाच्या ऐन उमेदीत चुकता होतो, आणि तेव्हा कोणाकडे पावती नसते, कोणाला बॅच नंबर आठवत नाही.

म्हणून टाल्क तपासायचे तर डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते. सौंदर्यप्रसाधनांच्या अमेरिकी उद्योगाने १९७६ मध्ये स्वतःच स्वतःसाठी जी पद्धत ठरवली, तिच्यातल्या क्ष-किरण तपासणीला साधारण अर्ध्या टक्क्याखालचे ॲस्बेस्टॉस दिसतच नाही. अर्धा टक्का म्हणजे किलोमागे पाच ग्रॅम, आणि त्या पाच ग्रॅममध्ये तंतू किती असतील याची कल्पनाही करवत नाही. ते पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने कंपनीचीच जुनी कागदपत्रे उघडून दाखवले की काही तपासण्यांत ॲस्बेस्टॉसचे अंश आढळल्याचे तिला कित्येक दशके ठाऊक होते. कंपनीने हे साफ नाकारले, आजही नाकारते. आमची पावडर सुरक्षित आणि ॲस्बेस्टॉसमुक्त आहे, असेच ती सांगत आली आहे. त्या बातमीनंतर आपल्याकडेही धावपळ झाली, मुलुंड आणि बद्दी येथील कारखान्यांतून नमुने घेतले गेले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारी तपासणीत ॲस्बेस्टॉस आढळले नाही असे सांगून थांबवलेले उत्पादन पुन्हा सुरू झाले. आढळले नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोणत्या यंत्राने पाहिले? किती खोलवर पाहिले? किती बॅचेस पाहिल्या? ते अहवाल मराठीत छापून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर लावायला सरकारचा हात कोणी धरला होता?

अमेरिकेत काय झाले, तेही राजुरीच्या आयांना कळले पाहिजे. जुलै २०१८ मध्ये सेंट लुइसच्या ज्यूरीने, पावडरीमुळे कर्करोग झाला असा दावा करणाऱ्या २२ स्त्रियांना कंपनीने ४६९ कोटी डॉलर द्यावेत, असा हुकूम केला. अपिलात ती रक्कम २१२ कोटींवर आली आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिल्याने ती भरावी लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला एका डब्यात ॲस्बेस्टॉसचा अंश सापडला. कंपनीने तो निष्कर्ष पुढे स्वतःच्या चाचण्यांच्या आधारे नाकारला, पण त्या बॅचचे सुमारे ३३ हजार डबे आधी परत बोलावले. आधी माल परत, वाद नंतर! मे २०२० मध्ये अमेरिका आणि कॅनडात टाल्कची बेबी पावडर विकणे कंपनीने थांबवले. कारण दिले की गिऱ्हाइकांच्या सवयी बदलल्या आणि चुकीच्या माहितीमुळे मागणी घटली. हजारोंनी भरलेले दावे एका नव्या कंपनीच्या गळ्यात बांधून तिला दिवाळखोर ठरवण्याची खटपट तीनदा झाली, आणि २०२३ मध्ये दोनदा, मार्च २०२५ मध्ये तिसऱ्यांदा, ती अमेरिकी न्यायालयांनी उधळून लावली.

मे २०२० मध्ये अमेरिकेत विक्री थांबली, मग भारतात का नाही? जगभर टाल्क बंद करून मक्याच्या स्टार्चची पावडर आणू, अशी घोषणा कंपनीने केली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि तीही २०२३ साठी. मधल्या काळात शिकागोच्या बाळासाठी मका आणि जुन्नरच्या बाळासाठी दगड! मका आमच्या रानात डोक्याएवढा उभा असतो, आम्ही त्याचा मुरघास करून गाईंना घालतो. आमच्या गाईला जे मिळत होते, ते आमच्या लेकरांच्या वाट्याला यायला कंपनीचे वेळापत्रक आड आले. माल सुरक्षित आहे असे कंपनी म्हणते, तर तिने तो तिथे विकत राहायचा होता. तिथे विकणे परवडत नाही असे तिला वाटले, तर इथे विकण्याचा धीर तिला कोणी दिला? आम्ही सांगतो कोणी दिला. आपल्या कायद्याने दिला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. बनावट किंवा भेसळीचे सौंदर्यप्रसाधन निघाले तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे; पण नुसते मानकात न बसणारे प्रसाधन निघाले तर शिक्षा एक वर्षापर्यंतची कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड. वीस हजार! बेल्ह्याच्या बाजारात वीस हजारांत धड दुभती गाय येत नाही. सेंट लुइसमध्ये कोट्यवधी डॉलरांचा धाक आणि मुंबईत वीस हजारांचा. व्यापारी कुठे सावध राहील आणि कुठे निर्धास्त झोपेल, हे सांगायला अर्थशास्त्री कशाला हवा?

जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात, म्हणजे २अ मध्ये, बसवले. खात्रीचा पुरावा अजून अपुरा आहे हे ती संस्थाच सांगते, आणि आम्हीही त्यापलीकडे एक अक्षर बोलणार नाही. ज्या बाईने आयुष्यभर पावडर लावली तिला उद्या कर्करोग होईल, अशी भीती घालणे हे पाप आहे. पण शंका एवढी वाढल्यावर सरकारने काय केले? एका कंपनीने टाल्क सोडले म्हणून दुकानांतले टाल्क संपले नाही. आळेफाट्याच्या कुठल्याही दुकानात जा, आठवडे बाजारात चादर पसरून बसलेल्याकडे जा. टाल्कम पावडरचे डबे, फेस पावडरी, मेकअपच्या डब्या रचून ठेवलेल्या असतात. मोठ्या कंपनीवर निदान अमेरिकेतल्या खटल्यांचा धाक होता. या बिनचेहऱ्याच्या डब्यांवर कोणाचा धाक आहे? त्यातले शंखजिरे कोणत्या खाणीतले, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कधी गेले का, हे डब्यावर कुठे लिहिलेले आहे?

ही बेपर्वाई आजची नाही, आणि ती नेहमी गरिबाच्याच चेहऱ्यावर फासली गेली आहे. इथून जवळच नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. तिथल्या राहुट्यांतून सुपाऱ्या ठरतात, विठाबाई नारायणगावकरांसारखी थोर कलावंत तिथली. जुन्या पिढीच्या कलावंतांनी रंगायचे ते सफेदा आणि मुर्दाडशिंग लावून. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि शिसे शरीरात कितीही थोडे गेले तरी ते सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्ररात्र तो लेप तोंडावर घेऊन, घामात निथळत, त्या बाया महाराष्ट्राला रिझवत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरच्या रंगात काय आहे, हे पाहायला कोणता निरीक्षक राहुटीत आला होता? महाराष्ट्राने त्यांना पुरस्कार दिले, म्हातारपणी मानधनासाठी हेलपाटे घालायला लावले, पण त्यांच्या कातडीची आणि रक्ताची चौकशी केली नाही. तीच नजर आज बाळंतिणीच्या खोलीकडे पाहते आहे: वापरणारी बाई आहे, मोजदाद ठेवणारी नाही, कोर्टात जाणारी नाही, मग घाई कशाला?

घरातल्या आयाबायांना आम्ही दोष देणार नाही. बारशाला येणारी प्रत्येक पाहुणी प्रेमानेच साबण, तेल आणि पावडरीची पेटी आणते. पावडर थापलेले, तीट लावलेले बाळ म्हणजे काळजी घेतलेले बाळ, हे त्यांच्या मनावर दोन पिढ्या जाहिरातींनी बिंबवले आहे. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कितीतरी वर्षे सांगत आली आहे की बाळाला पावडर लावूच नका. उडालेली धूळ त्याच्या फुफ्फुसात जाते, मग ती टाल्कची असो की मक्याची. बाळाचे अंग मऊ कापडाने टिपून कोरडे करा, घड्या उघड्या ठेवा, पुरळ उठले तर डॉक्टरांना दाखवा. ही साधी गोष्ट राजुरीच्या घराघरांत आशाताईंच्या तोंडून पोचायला एक पैसा खर्च नव्हता. लसीकरणाच्या दिवशी, वजनकाट्यापाशी, दोन वाक्यांचे काम होते. ती दोन वाक्ये आरोग्य खात्याने त्यांच्या हाती का दिली नाहीत?

म्हणून आम्ही मागतो ते स्पष्ट मागतो. नमुना उचलल्यापासून तीस दिवसांत अहवाल आणि अहवाल प्रतिकूल आला की त्याच आठवड्यात त्या बॅचची विक्री बंद, असा नियम करा. अपील, फेरतपासणी, न्यायालय हे सगळे कंपनीला मिळू द्या, पण माल दुकानाबाहेर ठेवून मिळू द्या. बॅच तेवढीच रोखा, कारखाना नको, म्हणजे न्यायालयालाही हातोडा दिसणार नाही. सौंदर्यप्रसाधनात जाणाऱ्या टाल्कची प्रत्येक बॅच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा दाखला बंधनकारक करा. वीस हजारांचा दंड बदला; तो केंद्राचा कायदा आहे म्हणून हात झटकू नका, विधिमंडळाने ठराव करून दिल्लीला पाठवावा. आणि जुन्नरच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांकडून एका गोष्टीचे लेखी उत्तर घ्यावे. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्यात आणि नाशकात उचललेले ते नमुने कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होते, तिथे किती दिवस पडून राहिले आणि त्या टेबलामागच्या खुर्चीत कोण बसले होते, हे तारीखवार, नावासकट, सभागृहाच्या पटलावर ठेवा.